जादूगार बोलवायचाय? आधी बैठक बघा

देवउठनी एकादशी झाली की लखनौत लग्नांची झुंबड उडते. डिसेंबरच्या मध्यावर सूर्य धनु राशीत गेला की 'खरमास' लागतो, म्हणजे आपला धनुर्मास, आणि मग थेट संक्रांतीपर्यंत तिथे लग्नं होत नाहीत. त्यामुळे मधल्या काही आठवड्यांत गोमतीनगरपासून कानपूर रोडपर्यंत रिकामं लॉन मिळणं मुश्कील. तिकडची लग्नं रात्रीची. मुलीकडचे पाहुणे सातपासून जमतात आणि बारात येईतोवर दहा वाजले तरी कुणाला नवल वाटत नाही. या दोन-तीन तासांत पाहुण्यांना गुंतवून ठेवायला गझल गाणारा असतो, चाटचे ठेले असतात, आणि हल्ली जादूगारही बोलावला जातो.

बोलावणाऱ्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात. घेतो किती? आणि काय काय करून दाखवतो? ते विचारावेतच. पण कार्यक्रम रंगणार की पडणार हे बहुतांशी यजमानाच्या हातातल्या गोष्टींवर अवलंबून असतं. माणसं कुठे बसणार, उजेड कुठून पडणार, सलग किती वेळ मिळणार, हे कुणी विचारात घेत नाही. मग चांगला कलावंत पडतो, आणि लोक म्हणतात, जादूगार काही खास नव्हता. मला ते फार अन्यायाचं वाटतं.

बैठकीला आणि उजेडाला एवढं महत्त्व का, हे एका साध्या प्रयोगावरून कळतं. गुस्ताव कून हे स्वतः जादूगार आणि मानसशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी आणि मायकल लँड यांनी २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. जादूगार चेंडू दोनदा वर फेकून झेलतो. तिसऱ्यांदा फक्त हात हलवतो, चेंडू तळहातातच राहतो. या वेळी तो मान वर करून न फेकलेल्या चेंडूकडे पाहत राहिला, तर ६८ टक्के प्रेक्षकांनी सांगितलं की चेंडू वर गेला आणि हवेतच नाहीसा झाला. तोच हात, तीच हालचाल, पण जादूगाराची नजर स्वतःच्या हातावर असली तर असं सांगणारे ३२ टक्क्यांवर आले. प्रेक्षकांच्या डोळ्यांच्या हालचालीही मोजल्या होत्या. चेंडू वर गेल्याचं शपथेवर सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांचे डोळे त्या वेळी वर गेलेच नव्हते, ते जादूगाराच्या चेहऱ्यावर होते. डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. चेहऱ्यावरून मनाने अंदाज बांधला, आणि तोच 'पाहिला' असं वाटलं.

आता हा जादूगार लॉनवर उभा करा. मागे एलईडी भिंत झगझगतेय, पुढून उजेड नाही, म्हणजे पाहुण्यांना दिसते ती नुसती काळी आकृती. चेहराच दिसत नाही, तर नजर कुठे आहे हे कळणार कसं? डीजेने वर लावलेल्या शार्पी दिव्यांचे झोत गरागरा फिरताहेत, दर दोन सेकंदांनी हातावर निळा, मग हिरवा पट्टा येतोय. अशा उजेडात जगातला कोणताही जादूगार निष्प्रभ ठरेल. जादूगारासाठी पैसे मोजणाऱ्याने आधी समोरून, किंचित वरून येणारे दोन स्थिर पांढरे दिवे मागावेत आणि तेवढा वेळ बाकीचे दिवे थांबवायला सांगावं. खर्च फारसा नाही. दिवे बहुतेक वेळा मंडपवाल्याकडेच पडलेले असतात.

बैठकीचंही तसंच. गोल टेबलं मांडली की निम्म्या लोकांची पाठ रंगमंचाकडे. हातचलाखीचे बरेचसे प्रकार समोरच्या अर्धवर्तुळातूनच पाहायचे असतात. बाजूने, आणि त्याहून मागून पाहिलं तर लपवलेली वस्तू सरळ दिसते. अलीकडे यात नवी अडचण आली आहे ती छायाचित्रकारांची. लग्नात डोक्यावर ड्रोन भिरभिरतो, क्रेनवरचा कॅमेरा जादूगाराच्या खांद्यामागून डोकावतो, आणि ते दृश्य तिथल्या तिथे एलईडी पडद्यावर दाखवलं जातं. जो हात जादूगाराने जपून पाहुण्यांपासून लपवला तो दहा फुटी पडद्यावर सगळ्यांना दिसतो. व्हिडिओवाल्याला आधी सांगून ठेवलं तर हे टळतं. कॅमेरा फक्त समोरून, ड्रोन खाली, क्रेन बंद.

थंडीचाही विचार करावा लागतो. नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री लखनौच्या उघड्या लॉनवर बोटं आखडतात, दव पडून पत्ते ओलसर होतात आणि एकमेकांना चिकटतात. पत्त्यांचं काम करणाऱ्याला याचा फार त्रास होतो, कारण त्याची सगळी कमाई बोटांच्या टोकांवर असते. वारा सुटला तर रेशमी रुमाल हातात ठरत नाहीत. एक आडोसा आणि जवळ एक हीटर, एवढं मिळालं तरी तो दुवा देईल.

कोणत्या प्रकारचा जादूगार हवा, हेही जागेवरूनच ठरतं. लखनौ-कानपूरच्या लोकांना जादूगार म्हटलं की ओ. पी. शर्मा आठवतात. ते कानपूरचे, बर्रा भागातल्या त्यांच्या घराचं नावच 'भूत बंगला'. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते गेले. त्यांचा खेळ म्हणजे मोठा लवाजमा, सहायकांचा ताफा, पेटारे, पडदे, भपकेदार पोशाख. टांगाईलचे पी. सी. सरकार (जन्म १९१३) यांनी महाराजाच्या थाटात हा भव्य प्रकार जगभर नेला, आणि पुढच्या बहुतेक भारतीय जादूगारांनी तोच थाट उचलला. महाराष्ट्रात चाकणजवळच्या आंबेठाणचे जादूगार रघुवीर पुण्यात स्थायिक झाले. त्यांनी देशोदेशी प्रयोग केले, त्या भ्रमंतीवर 'प्रवासी जादूगार' लिहिलं. त्यांच्या घरात मुलगा आणि नातू असा वारसा पुढे चालू राहिला. बालगंधर्व किंवा भरत नाट्य मंदिरात सुट्टीतला जादूचा प्रयोग पाहिलेल्यांच्या मनात जादूगार म्हणजे हेच चित्र असतं.

पण हा प्रकार नाट्यगृहाचा. त्याला मागे पडदा लागतो, दोन्ही बाजूंना विंगा लागतात, मांडणीला काही तास लागतात, आणि तोवर मंचाजवळ कुणी फिरकता कामा नये. लखनवी लग्नातला मंच जयमालसाठी सजवलेला असतो. सिंहासनासारख्या खुर्च्या, फुलांची भिंत, फोटो काढून घेणाऱ्यांची रांग. तिथे पेटीत माणूस बसवून तलवारी खुपसण्याचा खेळ बसवायला जाणं म्हणजे दोन्हींचा विचका. लग्नात शोभतो तो टेबलाटेबलाशी जाऊन पाच-सात मिनिटं पत्ते, नाणी, अंगठ्या यांचे खेळ करणारा जादूगार. बारातीची वाट पाहत बसलेल्या आठ जणांच्या टोळक्यात तो उभा राहिला, एखाद्या काकूंनीच हातात घट्ट धरलेलं नाणं त्यांच्याच मुठीतून गेलं, की ते टेबल उरलेली रात्र त्याबद्दलच बोलत राहतं. मराठी लग्नात मुहूर्त घड्याळावर बांधलेला आणि लगेच पंगत, तेव्हा अशी सैल वेळ आदल्या संध्याकाळी किंवा स्वागत समारंभातच मिळते. पुण्याची मुलगी आणि लखनौचा मुलगा असं जमलेल्या घरांनी हा फरक आधीच डोक्यात ठेवावा.

मुलांच्या वाढदिवसाचं गणित आणखी वेगळं. चार वर्षांच्या मुलाला रुमालातून कबूतर निघालं काय आणि डब्यातून लाडू निघाला काय, दोन्ही सारखंच, कारण जगात काय अशक्य आहे हे त्याचं अजून ठरायचंय. त्या वयाला आवडतो तो चुकणारा जादूगार. चेंडू त्याच्याच पाठीमागच्या हातात असतो आणि तो सगळीकडे शोधतो. पोरं बेंबीच्या देठापासून ओरडतात, "पीछे देखो, पीछे!" तो मागे वळतो आणि चेंडू आता पुढे. सात-आठ वर्षांपुढे मात्र मुलांना फसवणूक कळायला लागते आणि खरी जादू तिथून सुरू होते. म्हणून बोलणी करताना मुलांची नुसती संख्या न सांगता वयं सांगावीत. मुलांना जमिनीवर सतरंजीवर पुढे बसवावं आणि मोठ्यांच्या खुर्च्या मागे घ्याव्यात. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं पुरे झाली. केक आधी कापला की कार्यक्रम संपला असं समजावं, तो नंतर कापावा.

वेळेच्या बाबतीत यजमान सगळ्यात जास्त चुकतात, आणि त्याचं एक प्रसिद्ध उदाहरण खुद्द पी. सी. सरकारांच्याच बाबतीत घडलेलं आहे. ९ एप्रिल १९५६. बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात सरकारांनी एका सतरा वर्षांच्या मुलीला टेबलावर झोपवलं आणि गोल फिरणाऱ्या करवतीने मधोमध कापलं. मग तिला जागं करायला ते तिचे हात चोळू लागले, हाक मारू लागले. ती हलेना. तेवढ्यात वेळ संपली, निवेदकाने निरोप घेतला आणि कार्यक्रम बंद. ती उठून उभी राहिल्याचं प्रेक्षकांना दिसलंच नाही. टीव्हीवर डोळ्यांदेखत मुलगी मेली अशा समजुतीने बीबीसीत फोनचा पाऊस पडला. सरकारांना त्यातून प्रचंड प्रसिद्धी मिळाली. वेळेचा अंदाज घेऊनच त्यांनी ते जुळवून आणलं असावं असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. पण आपल्या लॉनवर कुणाला असा लाभ होत नाही. जादूचा प्रत्येक खेळ शेवटच्या पाच सेकंदांसाठी रचलेला असतो. कापलेली दोरी जोडली जाण्याआधी "बारात आ गयी" म्हणून माइक काढून घेतला, तर आधीची दहा मिनिटं पाण्यात जातात. म्हणून बारात कुठवर आली आहे, हे फोनवर विचारत राहणारा घरातला एक माणूस जादूगारापाशी ठेवावा. दहा मिनिटं आधी इशारा मिळाला की तो नवा खेळ काढत नाही, हातातला नीट संपवतो. शिवाय रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे, तेव्हा माइकवरचा कार्यक्रम नऊच्या आतला धरावा.

लखनौच्या आसपास एका वेगळ्या जादूगाराचा विचार करता येतो, आणि मी तर तो आवर्जून करा म्हणेन. रस्त्यावरचा मदारी. कानपूर जिल्ह्यात मकनपूरला शाह मदार यांचा दर्गा आहे. त्यांच्या नावाने फिरणाऱ्या फकिरांपासून हे नाव आलं असं सांगतात. मदाऱ्याकडे मंच नाही, पडदा नाही, चहूबाजूंनी माणसं. वर सांगितलेली अर्धवर्तुळाची सोय त्याला कधी मिळालेलीच नाही, आणि त्याने त्यावर मात केली आहे ती बोलण्याने आणि लयीने. त्याच्या तीन वाट्या पाहा. लहानशा, डोक्यावर गोटीएवढी मूठ असलेल्या. मूठ दोन बोटांच्या बेचक्यात धरून वाटी उचलायची, त्यामुळे बाकीची बोटं मोकळी राहतात. समोर कापडाचे दोन-तीन छोटे गोळे. जमुऱ्याशी, म्हणजे साथीदार पोराशी, सवाल-जवाब चालू आहेत. "जमूरे, जो पूछूँगा बतायेगा?" "बतायेगा!" लोकांची नजर उत्तरासाठी जमुऱ्याकडे वळते त्या अर्ध्या क्षणात गोळा एका वाटीखालून दुसरीखाली गेलेला असतो. कून यांनी प्रयोगशाळेत मोजलं ते हा माणूस पिढ्यान्‌पिढ्या धुळीत बसून वापरतो आहे. शेवटी वाटी उचलली की खाली गोळ्याऐवजी लिंबू, आणि ते लिंबू त्या वाटीत मावतंय कसं हाच प्रश्न.

त्याचा दुसरा प्रसिद्ध खेळ आंब्याचा. कोय मातीत पुरायची, कापड झाकायचं, पाणी शिंपडायचं. कापड काढलं की अंकुर, पुन्हा झाकलं की रोप, मग फळ. सतराव्या शतकात हिंदुस्थानात राहिलेल्या फ्रेंच वैद्य बर्नियेने या जादूबद्दल लिहिलं आहे आणि आपल्याला ती पाहायला मिळाली नाही, असंही प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. लखनौच्या शेजारी मलिहाबाद-काकोरीचा आंब्याचा पट्टा. दशहरीचं मूळ झाड तिकडचंच. त्या मातीत आंब्याच्या खेळाला जी शोभा येईल ती दुसरीकडे कुठे? पाहुणे हमखास विचारतील ते मात्र दोरीच्या खेळाचं. दोरी आकाशात उभी राहते, पोरगा वर चढतो आणि नाहीसा होतो. ही गोष्ट जगभर गेली ती १८९० मध्ये शिकागोच्या एका वृत्तपत्राने छापलेल्या बातमीमुळे. ती मनाने रचलेली होती असं त्याच पत्राने पुढे कबूल केलं. दिल्लीच्या कठपुतली कॉलनीतल्या इशामुद्दीन खान यांनी १९९५ मध्ये उघड्यावर दोरी उभी करून त्यावर मुलगा चढवून दाखवला. पण मुलगा हवेत विरून जाण्याचा भाग अजूनही गोष्टीतलाच आहे. ते कबूल करणाऱ्याला विसार देऊ नये.

ती कठपुतली कॉलनी २०१७ मध्ये पाडली गेली. रस्त्यावरच्या या कलावंतांवर कायद्याचाही जाच आहे. १९५९ च्या मुंबई राज्याच्या भिक्षाप्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक जागी गाणं, नाचणं, खेळ करून पैसे मागणं हेही भीक मागण्यातच धरलं. हाच कायदा दिल्लीलाही लागू होता. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातली बरीच कलमं दिल्लीपुरती रद्द केली. ज्याच्या कलेवर युरोपातल्या जादूगारांनी आपले काही खेळ उभे केले त्याला आपण भिकाऱ्यांच्या यादीत बसवलं, ही लाजेची गोष्ट आहे. अशा माणसाला आगाऊ रक्कम देऊन, वेळ आणि जागा ठरवून, नावानिशी ओळख करून देऊन आपल्या समारंभात बसवणं प्रत्येक यजमानाला जमण्यासारखं आहे. फक्त प्राणी आणायला सांगू नये. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्याकडून खेळ करून घ्यायला १९९८ पासून बंदी आहे आणि नागाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. विस्तवाचे खेळही कापडी मंडपात नकोतच.

मन ओळखणाऱ्यांची सध्या चलती आहे. तुम्ही मनात धरलेलं नाव सांगणारा, बँकेचा पिन ओळखणारा. कंपन्यांच्या कार्यक्रमांत हे लोक फार खपतात, आणि चांगले असले तर खरोखर थक्क करतात. मी त्यांना एकच प्रश्न आधी विचारीन. ही आपली विद्या आहे असं तुम्ही सांगता, की शक्ती? विद्या म्हणणाऱ्याला जरूर बोलवावं. शक्ती म्हणणाऱ्याच्या भोवती कार्यक्रमानंतर पाहुण्यांचा घोळका जमतो. कुणी मुलीच्या लग्नाचं विचारतं, कुणी आजाराचं, आणि ते आपल्या घरच्या कार्यात, आपल्या शब्दावर विसंबून. महाराष्ट्रात हे वेगळं समजावून सांगायला नको. नारळातून धूर काढणं, जिभेवर कापूर पेटवणं, हवेतून अंगारा काढणं हे प्रकार अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव करून दाखवले आणि त्यामागची रसायनं व हातचलाखी तिथल्या तिथे उघड केली. समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कायद्याचा रोख फसवणाऱ्या बुवांवर आहे. तिकीट काढून बसलेल्यांना "मी तुम्हाला फसवणार आहे" असं सांगून फसवणारा कलावंत त्यात येत नाही.

निवड करताना एक मिनिटाच्या रीलवर जाऊ नये. त्यात जोडतोड असते. एका प्रयोगाचं न कापलेलं, प्रेक्षकांच्या आवाजासकट चित्रण मागावं. मधल्या एजंटाशी बोलून भागत नाही, जादूगाराशी थेट बोलावं. कोणाला मंचावर बोलावणार, सासू-सुनेवरचे किंवा कुणाच्या जाडीवरचे विनोद करणार का, लहान मुलांना हात लावण्याआधी पालकांना विचारणार ना, हे त्याला मोकळेपणाने विचारावं. चांगला माणूस रागावत नाही. उलट तोच तुम्हाला जागा, दिवे, पाहुण्यांची संख्या विचारतो. ज्याने यातलं काहीच विचारलं नाही, त्याच्याबद्दल मला शंका येते.

पैशांबद्दल लखनौचा जुना अनुभव उर्दू लेखक अब्दुल हलीम शरर यांनी लिहून ठेवला आहे. नवाबी शहरात लग्नकार्यात भांड लोक नकला करायला येत आणि कंजूष यजमानाची तिथेच रेवडी उडवत. एका अमिराने बक्षीस म्हणून जुनी, विरलेली शाल दिली. भांड ती डोळ्यांजवळ धरून बारकाईने वाचू लागला. साथीदाराने विचारलं, काय लिहिलंय? तो म्हणाला, अल्लाशिवाय दुसरा ईश्वर नाही. आणि पुढे पैगंबरांचं नाव? ते कसं असेल, ही त्यांच्याही आधीची शाल आहे!

आजचा जादूगार असं भर मैफलीत बोलत नाही, पण आपल्याच धंद्यातल्या चार जणांना ते घर सांगतो. तेव्हा रक्कम, त्यातला विसार, प्रवास, मुक्काम, मदतनीस किती, मांडणीला किती वेळ, कॉलर माइक कोण आणणार, सामान ठेवायला कुलपाची खोली आहे का, हे एका कागदावर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावं. रक्कम जीएसटी धरून आहे की वेगळी, हेही विचारावं. वर्षाला २० लाखांच्या आतली उलाढाल असलेल्या एकट्या कलावंताला सहसा नोंदणीच लागत नाही, इव्हेंट कंपनीकडून गेलात तर मात्र तो कर बिलात दिसेल. लग्न आयत्या वेळी पुढे गेलं तर विसाराचं काय, तेही त्यातच लिहावं, कारण मोसमातली ती तारीख त्याला पुन्हा विकता येत नाही. उरलेली रक्कम खेळ संपल्यावर लगेच, त्याने पेटी बंद करण्याच्या आत द्यावी. मांडवात बारात शिरली की पैसे कोणाकडे आहेत हे शोधत त्याला आणि त्याच्या पोरांना रात्री बारापर्यंत थंडीत उभं राहावं लागतं, आणि तोवर जेवणाचे काउंटर बंद झालेले असतात.